‘ला व्होराखिने’ : रबर, उचल आणि अरण्य

कोलंबियाचे कवी व वकील होसे एउस्तासिओ रिवेरा यांची ‘ला व्होराखिने’ (१९२४), म्हणजे ‘भोवरा’, ही कादंबरी प्रामुख्याने माणसाला गिळणाऱ्या अरण्याची कथा म्हणून ओळखली जाते. कादंबरीचा शेवटही या ओळखीला पुष्टी देतो. परंतु अॅमेझॉनच्या खोऱ्यात गिळण्याचे काम प्रत्यक्षात कोणी केले, याचे वेगळे आणि अधिक विश्वसनीय उत्तर त्याच संहितेत दडलेले आहे.

कोलंबिया-व्हेनेझुएला सीमा आयोगात काम करताना १९२२ मध्ये रिवेरा यांनी हा प्रदेश पाहिला. तोवर रबराची तेजी ओसरली होती. हेन्री विकहॅम याने १८७६ मध्ये ब्राझीलमधून लंडनच्या क्यू उद्यानात नेलेल्या बियांतून पुढे मलाया व सिलोनमध्ये मळे उभे राहिले आणि १९१० नंतर जंगली रबराचे भाव कोसळले. तेजीच्या काळात झाडाला चिरा पाडून चीक गोळा करण्याइतकाही धीर सर्वत्र नव्हता. ‘काउचो’ जातीची झाडे सरळ तोडून त्यांचा चीक एकदाच काढून घेतला जाई. झाडे संपली की टोळी पुढे सरके.

निवेदक आर्तुरो कोवा हा कवी आहे. त्याला अरण्य राक्षसी दिसते. त्याची भाषा आलंकारिक, प्रसंगी कर्कश होते. वृद्ध मजूर क्लेमेंते सिल्वा मात्र हिशेबाच्या भाषेत बोलतो. मजुराला दिलेली उचल, मालकाच्याच दुकानातून चढ्या भावाने मिळणारे सामान, कधीही न फिटणारे कर्ज आणि बापामागे मुलाच्या नावावर चढणारी बाकी. ऊसतोडीची ‘उचल’ ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही वही अगदीच अनोळखी वाटू नये. हिंसेचे प्रमाण अर्थातच तुलनीय नाही. एक फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ झाडाच्या सालीवरील व्रण आणि सिल्वाच्या पाठीवरील चाबकाचे वळ कॅमेऱ्यात टिपतो, हा प्रसंग कादंबरीचे खरे केंद्र होय. निसर्गसंपत्तीची लूट आणि श्रमाची लूट ही दोन स्वतंत्र प्रकरणे नाहीत, हे येथे कोणताही सिद्धांत न मांडता सांगितले जाते.

हा मालक काल्पनिक नव्हता. कादंबरीत नावानिशी येणाऱ्या हुलिओ सेसार आराना याची कंपनी १९०७ मध्ये लंडनमध्ये नोंदली गेली होती. पुतुमायो नदीकाठच्या अत्याचारांविषयीचा रॉजर केसमेंट यांचा अहवाल १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अहवालातील बळी प्रामुख्याने हुइतोतो व अन्य आदिवासी आहेत. कादंबरीत मात्र ते पार्श्वभूमीवरच राहतात. बोलतात ते कोलंबियन मजूर. ही केवळ तपशिलाची उणीव नव्हे. ज्यांचे ते घर होते त्यांचा आवाज संहितेत आला असता, तर अरण्याला खलनायक ठरवणारे कोवाचे रूपक टिकलेच नसते.