काळ्या पाण्यावरची सुटी

मराठी प्रवासवर्णनात दुःखाला जेवढा मान आहे तेवढा सुखाला नाही. गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली छापले गेले. त्याची गोडी अजून उतरलेली नाही, कारण दक्षिणेच्या आशेने घर सोडलेला भिक्षुक १८५७ च्या धुमाळीत सापडतो आणि आपण त्याच्या जिवाची काळजी करू लागतो. उलट मुलाबाळांसह चार दिवस आनंदात काढून आलेला गृहस्थ लिहू लागला, की त्या आनंदाची स्थळांची यादी होते. त्याच्यापाशी शब्द नसतात असे नव्हे. आपण नुसते सुखी होतो, हे सांगण्याचा त्याला संकोच वाटतो.

अंदमानच्या बाबतीत हा संकोच दुप्पट होतो. सेल्युलर तुरुंग १९०६ साली बांधून पुरा झाला. सावरकर १९११ ते १९२१ तेथे होते आणि ‘माझी जन्मठेप’ १९२७ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी वाचकाला ते बेट आधी कोठडी म्हणून माहीत, नारळ आणि पोवळी मागाहून. पु. ल. देशपांडे ‘पूर्वरंग’मध्ये पूर्वेकडच्या देशांत इतके मोकळेपणाने रमले, याला त्यांची प्रतिभा कारण आहेच, पण बालीच्या किनाऱ्यावर मराठी माणसाच्या पाठीवर असे कुठलेच ओझे नसते, हेही विसरू नये.

हे सुचण्याचे निमित्त एका अप्रसिद्ध वहीचे. नांदुऱ्याच्या एका शिक्षकाने २०१७ च्या दिवाळीच्या सुटीत आई, पत्नी आणि दोन मुलांसह अंदमानची सहल केली आणि आल्यावर ऐंशी पाने लिहिली. नागपूरमार्गे कोलकाता आणि तेथून पुढे बोट. वहीतली पहिली वीस पाने तिकिटे आणि फराळाचे डबे यांतच जातात. ती मला मुळीच कंटाळवाणी वाटली नाहीत. चकल्या मऊ पडल्याची खंत ज्याला लिहावीशी वाटते, त्याचा समुद्रावरही विश्वास बसतो.

या लेखकाची दृष्टी कोरडवाहू मुलखातली आहे, आणि हेच त्याचे भांडवल. आजीचे माहेर लोणारकडचे. पाण्याचा पहिला हबका तोंडावर येताच ती ओठ चाटून म्हणते, की हे तर आपल्या तळ्यासारखेच खारे. उल्केच्या आघाताने झालेले ते विवर आणि बंगालचा उपसागर एका ओठावर येतात, आणि लेखकाला त्यात काही विशेष केल्याचे भानही नाही. तसेच संध्याकाळचे. नांदुरा आणि अंदमान यांच्या रेखांशांत सुमारे १६ अंशांचे अंतर, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. तेथे पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. चहाच्या वेळेला दिवेलागण झालेली पाहून आजी गोंधळते, मुलांना अवेळी भूक लागते, आणि पाच माणसे अंधारात वाळूवर बसून उरलेले शंकरपाळे खातात. सुख कसे लिहावे याचा हा नमुना आहे. हॅवलॉक बेटाचे (२०१८ नंतरचे स्वराज द्वीप) वर्णन मात्र कोणत्याही माहितीपत्रकातून उचलल्यासारखे आहे. ते पुढच्या वाचकाने खुशाल गाळावे.

खरी परीक्षा तुरुंगाच्या पानांवर होते, आणि तेथे लेखक घसरतो. ‘तीर्थक्षेत्र’, ‘रोमांच’, ‘नतमस्तक’ असे शब्द ओळीने येऊ लागतात. भावना खोटी आहे असे मी म्हणणार नाही. भाषा मात्र उसनी आहे. कालपर्यंत चकलीविषयी नेमके बोलणारा माणूस येथे सभेत उभा राहिल्यासारखा बोलतो. जणू किनाऱ्यावर हसल्याचे प्रायश्चित्त त्याला घ्यावयाचे आहे.

या पानांत एक ओळ खोडलेली आहे. शाईच्या रेघेखालून ती अजून वाचता येते. कोलूला जुंपलेल्या कैद्याच्या पुतळ्यापुढे वाटाड्या सांगत असतो, की रोज ३० पौंड तेल काढावे लागे. आजी मुलाला विचारते, “बापू, आपल्या गावच्या घानीले बैल राहे. इथं मानूस जुपला का?” पुढे तिचा हिशेबही आहे : बैल किती वेळाने सोडीत, त्याला पेंड किती घालीत. लेखकाला हे बहुधा स्थळाच्या गांभीर्याला न शोभणारे वाटले असावे.

माझ्या मते सबंध वहीत तुरुंग दिसतो तो एवढ्या दोन ओळींतच. शंकरपाळे खाणारी आजी आणि हा प्रश्न विचारणारी आजी एकच आहे. तिला आनंदातून यातनेकडे जाण्यासाठी आवाज बदलावा लागला नाही, आणि मुलाला लागला. वही छापण्याचा विचार आहे असे कळते. तसे असल्यास लेखकाने नतमस्तक होण्याची चार पाने काढावीत आणि रेघ मारलेली ती ओळ पुन्हा जागेवर ठेवावी, पेंडीच्या हिशेबासकट.