बाभळीचे दरवाजे आणि ऑक्टोबरची अखेर

धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी दिला. मराठवाड्यात तो दोन तऱ्हांनी वाचला गेला. बंधारा टिकला म्हणून काहींनी त्याला विजय म्हटलं, पावसाळाभर दरवाजे उघडे ठेवावे लागणार म्हणून काहींनी पराभव. निकालाचा युक्तिवाद मात्र फारसा कुणी तपासला नाही. तो तपासला तर त्यातली उणीव दिसते: या निकालाने पाणी मोजलं, पाऊस मोजला नाही.

वाद असा होता. बंधारा गोदावरीवर, राज्याच्या सीमेच्या सुमारे सात किलोमीटर अलीकडे आहे. खाली ८१ किलोमीटरवर पोचमपाड, म्हणजे श्रीरामसागर. त्या धरणाचा फुगवटा थेट महाराष्ट्राच्या हद्दीत येतो आणि बाभळीच्या साठ्यात मिसळतो. महाराष्ट्र आमच्याच जलाशयातलं पाणी उपसेल, ही आंध्रची भीती त्यामुळे अगदीच हवेतली नव्हती. ६ ऑक्टोबर १९७५ च्या करारानुसार पैठण, सिद्धेश्वर आणि निझामसागर या धरणांच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या टापूत, महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी पाणी वापरता येतं. बच्छावत लवादाच्या निवाड्यातही हा करार आला. २००६ मध्ये आंध्रने थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला.

न्यायमूर्ती लोढा, ठाकूर आणि दवे यांच्या पीठाने हा वाद कराराच्या चौकटीत सोडवला. बंधाऱ्याची क्षमता २.७४ टीएमसी, ती ६० टीएमसीच्या हिश्श्यातलीच, तेव्हा बंधारा बेकायदा नाही. सोबत अटी आल्या. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर. २९ ऑक्टोबरपासून जूनअखेरपर्यंत वापर २.७४ टीएमसीच्या आत, तोही साठा पुन्हा पुन्हा भरून नाही. दरवर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. देखरेखीला तिघांची समिती, अध्यक्षपद केंद्रीय जल आयोगाच्या प्रतिनिधीकडे. या अटींना महाराष्ट्राने स्वतः घेतलेल्या भूमिकेचाही आधार होता. म्हणून सगळा दोष न्यायालयाच्या माथी मारून आपल्याला मोकळं होता येत नाही.

कराराचा अर्थ लावण्याचं काम म्हणून हा निकाल नेटका आहे. प्रश्न त्यातल्या तारखांचा आहे. मराठवाड्यातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघून जातो. वर जायकवाडी, विष्णुपुरीसारखे साठे आहेतच. २९ ऑक्टोबरला दरवाजे खाली येतात तेव्हा बाभळीच्या वाट्याला नदीची शेपटी येते. परतीचा पाऊस जोरदार झाला तर बंधारा भरेल. सप्टेंबरातच आभाळ कोरडं पडलं तर हक्काचे २.७४ टीएमसी कागदावरच राहतील. हक्क आकड्यात दिला आणि तो वसूल करण्याची वेळ तारखेने बांधून टाकली. चांगलं वर्ष आणि दुष्काळी वर्ष यांत ही तारीख काहीच फरक करत नाही.

गंमत अशी की याच गोदावरीवर, याच ऑक्टोबरअखेरीला, आपलाच दुसरा एक कायदा अगदी वेगळा विचार करतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, २००५. त्याचं कलम १२(६)(ग) सांगतं की, टंचाईचा भार खोऱ्यात समन्यायाने वाटला जावा म्हणून ऑक्टोबरअखेर सगळ्या जलाशयांतल्या वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असं नियंत्रण ठेवावं. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद याच कलमावर लढला गेला, आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. इथे तारीख आहे, पण ती यंदा पाऊस किती झाला हे विचारण्यासाठी आहे. बाभळीच्या निकालातली तारीख काही विचारत नाही.

कावेरीच्या २०१८ च्या निकालाशी ताडून पाहिलं तर हे अंतर आणखी ठळक होतं. तिथे सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या भूजलाचा विचार केला, बंगळुरूच्या पिण्याच्या पाण्याची गरज मोजली आणि लवादाने ठरवलेले आकडे बदलले. दोन प्रकरणांचं स्वरूप एक नाही, हे मान्य. कावेरीत लवादाच्या निवाड्यावरची अपिलं होती, बाभळीत करारभंगाचा दावा. तरी धर्माबादच्या शेतकऱ्याने विचारलं की महानगराची तहान न्यायालयाला दिसते, तर आमचा रब्बी का नाही, तर त्याला काय उत्तर देणार? अनुच्छेद १३१ खालच्या दाव्यात पक्षकार असतात केंद्र आणि राज्यं. नदीकाठचा माणूस तिथे उभाच राहू शकत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो सरकारी वकील, आणि तो बोलेल तेच त्याचं म्हणणं ठरतं.

धर्माबादचं नाव देशभर गाजलं ते वेगळ्याच कारणाने: जुलै २०१० मध्ये बाभळीसाठी आंदोलन करायला आलेल्या चंद्राबाबू नायडूंची अटक, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये धर्माबादच्या न्यायालयाने त्यांच्यावर काढलेलं अजामीनपात्र वॉरंट. त्या फौजदारी खटल्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. दरवाजांच्या वेळापत्रकावर मात्र १ जुलै आणि २९ ऑक्टोबरच्या चार ओळींच्या बातमीपलीकडे फारसं काही येत नाही.

मागणी बंधारा मनमानी पद्धतीने चालवण्याची असू नये. देखरेख समितीला टंचाईच्या वर्षी तारीख पुढेमागे करण्याचा अधिकार हवा, आणि त्यासाठी महाराष्ट्राने आता तेलंगणाशी बोलायला हवं. पण त्याची किंमतही समजून घ्यावी. नाशिकने आपल्यासाठी सोडावं म्हणून जे तत्त्व मराठवाडा मांडतो, तेच तत्त्व निझामाबादचा शेतकरी आपल्यापुढे मांडेल. टंचाई वाटून घ्यायची तर ती पैठणपाशी थांबत नाही, आणि बाभळीपाशीही नाही.