‘पुरोहित-राजा’ : एका नावाची चिकित्सा

सिंधू संस्कृतीची ओळख करून देणाऱ्या बहुतेक पुस्तकांत एका दाढीधारी पुरुषाच्या मूर्तीचे चित्र असते व त्याखाली ‘पुरोहित-राजा’ असे छापलेले असते. मोहेंजोदडो येथे १९२५-२६ मध्ये सापडलेली ही मूर्ती अवघी साडेसतरा सेंटीमीटर उंचीची आहे. खांद्यावर त्रिदल नक्षीचे वस्त्र आहे, डोळे अर्धोन्मीलित आहेत. एवढ्यावरून ती पुरोहिताची ठरत नाही. राजाची तर नाहीच.

या नगरात निर्विवाद असा राजवाडा वा राजसमाधी सापडलेली नाही, आणि सिंधू लिपी अद्याप वाचली गेलेली नाही. सुमेरची स्थिती वेगळी आहे. तेथील मंदिरांचे हिशेब व राजांचे लेख वाचता येतात. म्हणून देवालय आणि राजसत्ता यांच्या संबंधाविषयी पुराव्यानिशी बोलता येते. तेच चित्र उचलून सिंधूकाठी ठेवले, की पुरोहित आपोआप समाजाच्या शिरोभागी जाऊन बसतो. हडप्पा येथील लहान घरांच्या रांगांना मॉर्टिमर व्हीलर यांनी मजुरांची वस्ती मानले. मोहेंजोदडोच्या ज्या इमारतीस त्यांनी धान्यकोठार म्हटले, तेथे धान्याचा पुरावा मिळालेला नाही. अशी नावे रूढ झाली म्हणजे अनुमानच वस्तुस्थिती म्हणून शिकविले जाते. वर पुरोहित, खाली मजूर ही उतरंड मग साडेचार हजार वर्षांची, आणि म्हणून स्वाभाविक, भासू लागते. आमचा आक्षेप येथे आहे.

तथापि हीच कसोटी आपणांसही चुकत नाही. सिंधू समाज जातिविहीन होता, इतकेच नव्हे तर बौद्धच होता, असे आपल्यापैकी काही वक्ते आवेशाने सांगतात. घरांच्या आकारांतील तफावत त्यांना विचारात घ्यावीशी वाटत नाही. मोहेंजोदडोच्या टेकाडावर स्तूप आहे हे खरे. १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी त्याच परिसरात उत्खनन हाती घेतले. परंतु तो सामान्यतः कुषाणकालीन मानला जातो, आणि खालच्या नगराचा वैभवकाळ इ.स.पू. १९०० च्या सुमारास संपला होता. मधली सुमारे दोन हजार वर्षे अभिमानाने भरून निघत नाहीत.

बाबासाहेबांनी १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात पाश्चात्त्य विद्वानांचा आर्यवंशाचा सिद्धांत नाकारला, तो वैदिक वाङ्मयातील पुरावा तपासून. धम्माला ‘एहिपस्सिको’, म्हणजे ‘या आणि पाहा’ असे आवाहन करणारा, म्हणणाऱ्या परंपरेच्या अभ्यासकांना दुसरी रीत शोभत नाही. त्या चित्राखाली आम्ही तरी ‘दाढीधारी पुरुषाची मूर्ती’ एवढेच लिहू.