जात्यावरची ओवी आणि टीकाकाराचा कान

आपल्या वाङ्मयचर्चेत जात्यावरच्या ओवीचा गौरव पुष्कळ होतो, परंतु तिचे परीक्षण क्वचितच होते. सहजस्फूर्त, निर्व्याज, भाबडी अशी चार-दोन विशेषणे तिच्यावरून ओवाळून टाकली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे टीकाकारास वाटते. ज्या कवीविषयी आपणास खरा आदर असतो त्याच्या शब्दयोजनेची आपण कसून चिकित्सा करतो. जिच्याविषयी नुसते कौतुक असते तिची पाठ थोपटून आपण पुढे जातो. या कौतुकाच्या मुळाशी एक समजूत दडलेली आहे. ती अशी की, लिहिता-वाचता न येणारी बाई पाखरू गावे तशी गाते. तिच्या गाण्यात बुद्धीचा व्यापार असा काही नाही. या समजुतीचाच प्रस्तुत लेखात आम्हांस विचार करावयाचा आहे, आणि त्याकामी मेंदू भाषा कशी घडवितो व कशी ग्रहण करितो यासंबंधी झालेल्या संशोधनाचे थोडे साहाय्य घ्यावयाचे आहे.

या विचारास परभणी जिल्ह्याइतका योग्य प्रदेश दुसरा सापडणे कठीण. गोदावरीच्या काठचे गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. जनाबाईसवे प्रत्यक्ष विठ्ठल जाते ओढू लागला, ही कथा महाराष्ट्रात ठाऊक नाही असे घर नसेल. काव्य आणि दळण यांचा संबंध इतक्या उघडपणे सांगणारी दुसरी कथा आपल्या परंपरेत नाही. त्याच जिल्ह्यातील ताडकळस येथे, जनाबाईनंतर सुमारे साडेसहाशे वर्षांनी, ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. हेमा राईरकर व गी पॉइटविन यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या स्त्रियांच्या साहाय्याने, हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतील काही हजार ओव्या गायिकांच्या कंठातून मुद्रित करून घेतल्या. २०१७ सालापासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हे भांडार सर्वांस खुले केले आहे. तेव्हा ओवी वाचण्याबरोबर ऐकण्याचीही सोय आज घरबसल्या झाली आहे. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' मध्ये ओव्या संग्रहित केल्या त्या काळच्या वाचकास ही सोय नव्हती.

ऐकू लागले म्हणजे पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की, छापलेली ओवी आणि गायिलेली ओवी या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. कागदावर दोन-तीन ओळींत आटोपणारी ओवी गळ्यातून निघते तेव्हा तिचे चरण मोडतात, अर्धे शब्द पुनः येतात, मध्येच 'बाई' येते, 'गं' येतो, एखादा स्वर जात्याच्या अर्ध्या फेऱ्याइतका लांबतो. छापणारा ही सारी भरताड समजून गाळतो आणि उरलेला मजकूर हीच 'मूळ ओवी' असे धरून चालतो. मग टीकाकार त्या उरलेल्या मजकुरावर दोन आक्षेप घेतो: एक, रचना ढिली आहे, दोन, तेच ते शब्दसमूह पुनःपुनः येतात. दोन्ही आक्षेप कागदापुरते खरे आहेत. प्रश्न एवढाच की, कागद ही ओवीच्या परीक्षेची योग्य जागा आहे काय?

येथे मेंदूच्या शास्त्राकडे वळणे इष्ट होईल. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच शस्त्रवैद्याने असे दाखविले की, मेंदूच्या डाव्या अर्धगोलाच्या पुढील भागास इजा झाली असता मनुष्याचे बोलणे खुंटते. १८७४ साली कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने कानशिलाच्या आतील बाजूच्या भागाचा संबंध बोलणे समजण्याशी जोडला. या विकारास वाचाघात म्हणतात. परंतु त्याच शतकात इंग्रज वैद्य ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदविली होती. ज्या रोग्यास साधे वाक्य बोलता येत नाही, तोच कधीकधी पाठ असलेले गाणे किंवा प्रार्थना अडखळल्याविना म्हणून जातो. अर्धांगवायूने वाचा गेलेले घरातील एखादे वडीलधारे माणूस 'पाणी' हा शब्द उच्चारू शकत नाही, पण आरती सुरू होताच तीत आपला सूर मिळविते, हा अनुभव आपल्याकडेही अपूर्व नाही. या अनुभवाचा उपयोग करून १९७३ साली बोस्टनच्या वैद्यांनी अशा रोग्यांस शब्द गाऊन बोलावयास शिकविण्याची रीत प्रसिद्ध केली. गाणे मेंदूच्या उजव्या भागात वसते आणि तो भाग शाबूत असल्यामुळे त्याच्या वाटेने शब्द बाहेर पडतात, असा त्या काळचा तर्क होता.

हा तर्क पुढे बराच डळमळला. २०११ साली जर्मनीत वाचाघाताच्या रोग्यांवर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, नुसत्या चालीने रोग्याचे उच्चार फारसे सुधारत नाहीत. साहाय्य होते ते दोन गोष्टींचे: एक, तालाचा नेमका आधार, आणि दोन, शब्द आधीपासून जिभेवर रुळलेले असणे. स्वरांचे चढउतार काढून टाकून केवळ ठेका ठेवला तरी काम भागत होते.

वाचकांनी या दोन गोष्टींकडे पुनः एकदा पाहावे. ताल आणि रुळलेले शब्दसमूह! ओवीच्या टीकाकाराने ज्यांस रचनेची ढिलाई आणि पुनरुक्तीचा दोष म्हटले, त्या याच दोन गोष्टी. जात्याची घरघर, खुंट्याभोवतीचा हाताचा फेरा, वैरण घालण्यापुरता पडणारा खंड, ही ओवीची पार्श्वभूमी नव्हे. तो तिचा ठेका आहे, आणि गाळलेले 'बाई' व 'गं' त्या ठेक्यावर शब्द बसविणारे टाके आहेत. मनुष्य स्वस्थ बसून नुसता ताल ऐकत असला, तरी मेंदूतील हालचालींचे नियमन करणारे भाग जागे होतात, असे आता अनेक प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. मग जिचा हातच ताल धरून फिरत आहे तिच्या मेंदूत शब्द आणि हालचाल यांची केवढी जवळीक होत असेल, याची कल्पना करावी. शब्द म्हणजे काव्य आणि उरलेला सारा साज, ही वाटणी आमच्या छापखान्याने केलेली आहे. मेंदू ती मानीत नाही.

आता रुळलेल्या शब्दसमूहांविषयी. मिल्मन पॅरी व त्यांचे शिष्य अल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातील निरक्षर शाहिरांचा अभ्यास करून असे दाखविले की, ते हजारो ओळींची कवने पाठ म्हणत नसत. ठराविक शब्दसमूहांच्या विटा घेऊन प्रत्येक वेळी नवी भिंत रचीत असत. लॉर्ड यांचा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. ओवी कवनाहून पुष्कळच लहान, तथापि तिची कृती याच जातीची आहे. पहिली, दुसरी, तिसरी अशी ओव्यांची मोजणी, भावाला घातलेली हाक, सीतेच्या वनवासाची आठवण, या तयार विटा. त्यांमुळे गाणारणीच्या मनावरील भार हलका होतो आणि तिचे सारे लक्ष त्या एका जागेकडे लागते जेथे तिला स्वतःचे असे काही सांगावयाचे असते. विटा त्याच म्हणून घरही तेच, असे कोणी म्हणत नाही.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण येथे आठवते. त्यांस अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती ग्रंथरूपाने आली. महाराष्ट्राने त्यांस थोर कवयित्री म्हणून मान्यता दिली, हे योग्यच झाले. पण त्यांचे कवित्व निरक्षरतेवर मात करून प्रकट झाले, असे जे सांगण्यात येते, त्यात जुनी समजूतच वेषांतर करून आली आहे. जात्यावर घडलेली भाषाशक्ती त्यांच्या ठायी पूर्णत्वास गेली, असे आम्ही म्हणू.

निरक्षर मनुष्याचा भाषेशी व्यवहार कसा असतो याविषयीही काही प्रयोग झाले आहेत. १९७९ साली पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांस एखाद्या शब्दाचा पहिला ध्वनी काढून टाकावयास सांगितले तेव्हा ते त्यांस साधले नाही. पुढील प्रयोगांत मात्र पूर्ण अक्षरे वेगळी करणे आणि यमक ओळखणे यांत ते कितीतरी सरस ठरले. 'क्' हा सुटा व्यंजनध्वनी वर्णमाला शिकलेल्याच्या मनात राहतो. 'का' हे पूर्ण अक्षर मात्र प्रत्येक कानास ऐकू येते. माधव जूलियन यांनी 'छंदोरचने'त ओवी-अभंगांस ऱ्हस्वदीर्घाचा भेद न मानणारे, अक्षरसंख्येवर चालणारे छंद म्हटले आहे. हे त्यांचे निरीक्षण या प्रयोगांशेजारी ठेवले म्हणजे त्यास नवा अर्थ प्राप्त होतो. अक्षर आणि यमक, ही निरक्षर कान अचूक पकडतो ती दोन मापे; आणि ओवी नेमकी त्याच दोन मापांनी बांधली आहे. पुस्तकी वृत्तांची मापे लावून तिला ढिली म्हणणे हे शेराने जमीन मोजण्यासारखे आहे.

उलट, आपण वाचणारे लोकच बदललेले आहोत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ब्राझील व पोर्तुगाल येथील साक्षर व निरक्षर व्यक्तींच्या अभ्यासात असे आढळले की, अक्षरज्ञानाने मेंदूचा दृष्टीचा भाग तर बदलतोच, पण ऐकलेल्या बोलण्यास मिळणारा प्रतिसादही बदलतो. लखनौनजीकच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांस सहा महिने देवनागरी शिकविली, तर एवढ्या अवधीत त्यांच्या मेंदूतील दृष्टीशी निगडित खोल भागांचे परस्परसंबंध दृढ झाल्याचे २०१७ साली दिसून आले. अर्थात जो टीकाकार लहानपणापासून छापील ओळ पाहत आला, त्याचा कान पुस्तकाने घडविलेला आहे. ही काही लाज वाटावी अशी गोष्ट नव्हे. पण न्यायासनावर बसणाराने आपल्या तराजूची जात ओळखावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

निरक्षर म्हणजे कोरी पाटी, ही कल्पनाही टिकण्यासारखी नाही. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. घरात मराठी आणि कचेरीत उर्दू, असा तेथील व्यवहार असे. त्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांची तपासणी झाली. एकाहून अधिक भाषा बोलणारांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा उद्भवला. आणि महत्त्वाची गोष्ट ही की, निरक्षरांतही हा भेद दिसला. भाषेचा व्यायाम पाटी-पुस्तकावाचूनही मेंदूस घडतो, असे अनुमान यावरून करण्यास हरकत नाही.

येथवर शास्त्राची बाजू मांडल्यावर त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कारण आजकाल मेंदूचे नाव घेतले की वाद संपला, असे मानणारांचा एक नवा वर्ग उदयास आला आहे. १९८० साली कुटास व हिलयार्ड या संशोधकांनी वाक्यातील अनपेक्षित शब्दास मेंदू कसा प्रतिसाद देतो हे दाखविले. 'ऊन पावाला त्याने मोजे लावले' अशा धर्तीचे वाक्य वाचताना, तो विसंगत शब्द येताच एक सेकंदाच्या सुमारे चार-दशांश अवधीत मेंदूत विशिष्ट विद्युत्तरंग उठतो. आता ओवीचे मर्मही अपेक्षेच्या खेळातच आहे. पहिल्या चरणाच्या शेवटी 'वाटा' आले की कान 'काटा' येण्याची अपेक्षा करू लागतो. चांगली गाणारीण यमक तर देते, पण ज्या शब्दाने देते त्याने ऐकणारणीचे काळीज हलते. परंतु विद्युत्तरंगाची उंची पाहून काळीज हलले की मोजे पाहून बुद्धी चमकली, हे ठरविता येणार नाही. यंत्र आश्चर्य मोजील. त्याची किंमत करणार नाही. कोणत्या ओवीतील आश्चर्य पुढच्या शंभर दळणांना पुरेल आणि कोणत्या ओवीतील विटा नुसत्याच विटा राहिल्या, हा निवाडा रसिकानेच करावयाचा आहे. सर्वच ओव्या सारख्या सुंदर नाहीत. त्यांत सपक ओव्याही पुष्कळ आहेत, आणि तसे स्पष्ट सांगणे हाच त्या गाणारणींचा खरा सन्मान होय. कारण निवड केली म्हणजे त्यांच्याकडे कर्तृत्व आहे हे कबूल केले.

जनाबाईच्या अभंगांविषयीही हाच विवेक उपयोगी पडेल. तिच्या नावावरील कोणते अभंग तिचे आणि कोणते मागाहूनचे, हा वाद केवळ शब्दांच्या रूपांवरून आणि नाममुद्रेवरून चालतो. ज्या परंपरेत रचना मुखाने घडते आणि मुखानेच पुढे जाते, तेथे शब्द बदलूनही रचना तीच राहू शकते आणि शब्द तेच राहूनही रचना परकी होऊ शकते. मुद्रा ही तेथे सहीपेक्षा घराण्याच्या नावासारखी असते. एवढे ध्यानात ठेवले तर त्या वादातील पुष्कळसा आवेश कमी होईल.

पिठाची गिरणी गावोगाव आली आणि बायकांच्या हातांचे कष्ट वाचले, याबद्दल कोणाही सहृदय मनुष्यास आनंदच वाटला पाहिजे. लग्नाच्या हळदीपुरते जाते अजून मांडले जाते. रोजच्या दळणाबरोबरची ओवी मात्र मावळली, आणि तिच्या तालावर वाढलेल्या स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्या मागे दोन गोष्टी उरतील: छापलेले शब्द आणि मुद्रित झालेला आवाज. पुढील पिढी यांपैकी कशावरून ओवीची पारख करील, हे बरेचसे आजच्या संपादकांवर व शिक्षकांवर अवलंबून आहे. ओव्यांचा नवा संग्रह काढणाराने गाळलेले 'गं' आणि 'बाई' आपल्या जागी परत ठेवावेत, पुनरावृत्ती जशीच्या तशी छापावी. शाळा-महाविद्यालयांत ओवी शिकविणाराने आधी ती ऐकवावी व मग फळ्यावर लिहावी. आणि टीकाकाराने लेखणी उचलण्यापूर्वी ताडकळसचा तो आवाज एकदा तरी शेवटपर्यंत ऐकावा. त्यानंतर त्याने ओवीस नावे ठेविली तरी आमची तक्रार राहणार नाही.