रक्षक-वस्तूवरील भिस्त : ‘रस्ट’मधील एका माघारीची चिकित्सा

‘रस्ट’ या भाषेने स्मृतिसुरक्षा आणि वेग यांचे वैर मिटविले, असे म्हटले जाते. हे विधान ढोबळ अर्थाने खरे आहे. परंतु ते कोणत्या अटीवर खरे आहे, याचा विचार क्वचितच होतो. मे २०१५ मध्ये १.० ही आवृत्ती प्रसिद्ध होण्यास थोडाच अवकाश असताना स्टँडर्ड लायब्ररीतील ‘थ्रेड::स्कोप्ड’ ही सोय मागे घेण्यात आली. त्या माघारीत ती अट स्पष्ट दिसते.

सोयीचा हेतू उत्तम होता. मूळ थ्रेडच्या स्टॅकवरील माहिती नव्या थ्रेडने प्रत न काढता, संदर्भांची मोजदाद न ठेवता, थेट वाचावी. मात्र ती जागा मोकळी होण्यापूर्वी नवा थ्रेड संपलाच पाहिजे. ही हमी एका रक्षक-वस्तूवर सोपविली होती. तिचा डिस्ट्रक्टर थ्रेडच्या समाप्तीची वाट पाहत असे. पण डिस्ट्रक्टर चालेलच, हे कोणी ठरविले? दोन ‘आरसी’ पॉइंटर एकमेकांना धरून बसले की त्यांची गणना शून्यावर येत नाही. त्या चक्रात रक्षक अडकविला, की थ्रेड मागे उरतो आणि मोकळ्या झालेल्या स्टॅकवर वाचत राहतो. यासाठी ‘अनसेफ’ हा शब्द एकदाही लिहावा लागत नाही!

आमच्या मते दोष चक्राचा नव्हे, गृहीतकाचा होता. रस्टची टाइपव्यवस्था हस्तांतरित मूल्य पुन्हा वापरू देत नाही. परंतु प्रत्येक मूल्याची यथाविधी विल्हेवाट लागलीच पाहिजे, असा तिचा आग्रह नाही. परिभाषेत सांगावयाचे तर ती ‘अफाइन’ आहे, ‘लिनिअर’ नव्हे. भाषाकारांनी हे मान्य करून ‘मेम::फर्गेट’ हे फंक्शनही सुरक्षित ठरविले. नवशिक्यास हा निर्णय विचित्र वाटतो. आम्हांस तो प्रामाणिक वाटतो.

ऑगस्ट २०२२ मधील १.६३ आवृत्तीत ही सोय ‘थ्रेड::स्कोप’ या रूपाने परतली. आता क्लोजर एका फंक्शनच्या हाती द्यावयाचे, आणि सर्व थ्रेड संपल्याखेरीज ते फंक्शन परतत नाही. रक्षक उपयोजकाच्या हाती येतच नाही, म्हणून तो हरवूही शकत नाही. वेग टिकला, पण रक्षक कोठेही साठविण्याची जुनी मोकळीक गेली.

असिंक्रोनस कार्यक्रमांत मात्र ही युक्ती लागू पडत नाही. तेथे वाट पाहणारे फंक्शन स्वतःच ‘फ्यूचर’ नावाचे मूल्य असते. आणि कोणतेही मूल्य विसरता येते, हे तर आधीच मान्य झाले आहे.