शाळा नऊला, कामाची वेळ आठला

८ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने एक शासन निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग २०२४-२५ या वर्षापासून सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा तो निर्णय. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा प्रश्न मांडला होता, त्यातून हे पुढे आले. मुले रात्री उशिरा झोपतात, सकाळी त्यांना अर्धवट झोपेतून उठवावे लागते, थंडीपावसात हाल होतात, अशी कारणे देण्यात आली.

कारणांशी माझे भांडण नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी, हे आता सर्वमान्य आहे. माझी मुलगी पहिलीत होती तेव्हा तिची बस सकाळी ६ वाजून २० मिनिटांनी येई. म्हणजे उठायचे पावणेसहाला. दहा तास झोप मिळण्यासाठी तिने पावणेआठला झोपायला हवे होते. पावणेआठला मी प्रयोगशाळेतून निघून लोकलमध्ये उभी असे! मी रसायनशास्त्राची. झोपेवरचे संशोधन वाचू लागले ते आई म्हणून.

सूर्याचीही साक्ष नऊच्या बाजूने आहे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मुंबई ७३ अंशांच्या जरा अलीकडे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने मुंबईचा सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे असतो. जानेवारीच्या मध्यावर तेथे सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. कोलकात्यात त्याच्या जवळजवळ तासभर आधी. सातची शाळा म्हणजे त्या दिवसांत चक्क अंधारातली शाळा. मावळतीही तशीच उशिरा होते. मौलिक जगनानी यांनी भारतातील मुलांच्या दिनक्रमाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सूर्यास्त तासभर उशिरा होणाऱ्या ठिकाणी मुले सुमारे अर्धा तास कमी झोपतात असे आढळले. झोपायची वेळ पुढे सरकते, शाळेची घंटा मात्र सरकत नाही.

इथवर शासन निर्णय बरोबर आहे. पुढे मात्र तो घसरतो.

शाळा उशिरा भरवण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा लहान मुलांबद्दलचा नाहीच, तो किशोरवयाचा आहे. वयात येताना शरीरातील घड्याळ मागे पडते आणि रात्री झोप उशिरा येऊ लागते, हे मेरी कार्स्केडन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले. सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. त्यानंतरच्या मोजणीत विद्यार्थ्यांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली. हे साधताना तेथील अनेक प्राथमिक शाळा उलट लवकर भरू लागल्या, कारण लहान मुले तुलनेने लवकर जागी होतात. कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायद्याने साडेआठच्या आत भरवता येत नाहीत त्या शाळाही मोठ्या मुलांच्याच.

आता आपल्या शहरातील दोन सत्रांची शाळा घ्या. इमारत एक, वर्गखोल्या त्याच. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, म्हणजे रोज निव्वळ चार तास अध्यापन. प्रार्थना, मधली सुट्टी धरून नऊला भरलेले प्राथमिक सत्र दीड-दोनच्या आत सुटत नाही. मग दुसरे सत्र संध्याकाळी सात वाजेपर्यंत लांबते आणि मुली अंधारात घरी जातात. दुसरा मार्ग म्हणजे मोठ्यांना सकाळी सातला बोलवायचे आणि लहानांना दुपारी. नियम तंतोतंत पाळला जातो, पण ज्या वयासाठी उशिराच्या शाळेचा पुरावा सर्वांत पक्का, तेच वय पहाटे उठवले जाते. अडचण असलेल्या शाळांना शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाण्याची वाट ठेवली आहे. पण अपवादाची वाट म्हणजे जागेच्या टंचाईवरचे उत्तर नव्हे.

आणि आईवडील? या चर्चेत त्यांचा उल्लेख बहुधा 'पालकांची धावपळ' एवढ्यावर आटोपतो. आमच्या शेजारी राहणारी परिचारिका आठच्या पाळीला जाते. तिचा नवरा साडेसातची लोकल पकडतो. पूर्वी मुलगा सातच्या आत बसमध्ये बसे, मग दोघे निघत. शाळा नऊची झाली तेव्हा साडेसात ते साडेआठ हा एक तास कोणाच्याच हाती उरला नाही. त्यांनी पाळणाघर गाठले. आता मुलाला पावणेसातलाच उठवून सव्वासातला तेथे सोडतात. झोपेसाठी काढलेल्या नियमाने त्याला अर्धापाऊण तास मिळाला, आणि घराला एक नवा मासिक खर्च. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी सातलाच घराबाहेर पडतात. त्यांची चौथीतली मुलगी धाकट्या भावाचे आवरून, दाराला कुलूप लावून शाळेत जाते. तिला पाळणाघरही नाही. खेड्यात हे जुनेच आहे: जिल्हा परिषदेची शाळा साडेदहा-अकराला भरते आणि मजुरीला जाणारी आई त्याआधीच शेतात असते. त्याबद्दल कधी शासन निर्णय निघाल्याचे मला आठवत नाही.

माझा तर्क असा. किशोरांची झोपायची वेळ बरीचशी शरीर ठरवते, म्हणून शाळा उशिरा केली की झोप वाढते. लहान मुलाची झोपायची वेळ ठरते ती आईबाबा घरी कधी येतात, जेवण कधी होते यावर. सकाळी उशिरा उठायचे आहे म्हटल्यावर रात्रही लांबू शकते. कामाच्या वेळा आणि प्रवास तसाच ठेवून केवळ घंटा हलवली, तर झोप किती वाढली हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

त्यातच मार्च २०२५ च्या अखेरीस उष्म्यामुळे सर्व शाळा सकाळी सातला भरवण्याची सूचना निघाली, प्राथमिक सव्वाअकरापर्यंत. उन्हाचे कारण खरेच होते, विदर्भातील शिक्षकांना ते सांगायला नको. पण सव्वाअकराला सुटलेले मूल दुपारभर कोणाकडे असेल, हा प्रश्न याही वेळी घरावरच सोडला गेला.

इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ पासून ७५० शाळांत वर्गांपूर्वी किमान अर्ध्या तासाचे मोफत न्याहारी वर्ग सुरू झाले. वर्ग नऊला, पण दार आधी उघडे, ही कल्पना आपल्याकडेही बसण्यासारखी आहे. मात्र ते दार उघडून बसायचे काम शिक्षकांच्या माथी मारायचे नाही. जनगणना, निवडणुका त्यांना पुरेशा आहेत. त्यासाठी वेगळे माणूस आणि वेगळा पगार हवा.

तोवर आपल्या वर्गात एक नोंद करता येईल. दोन आठवडे मुलांनी रोज चार गोष्टी लिहायच्या: झोपलो किती वाजता, उठलो किती वाजता, उठलो तेव्हा घरी कोण होते, आणि शाळेला निघालो तेव्हा कोण होते. सुट्टीचे दिवस वेगळ्या रंगाने. पहिल्या दोन रकान्यांचा आलेख मुले आनंदाने काढतील. शेवटचे दोन रकाने मात्र भिंतीवर लावू नयेत. ते आपणच वाचावेत.