भिंतीवरील शेवाळकला : सजीवतेचा दावा आणि त्याची परीक्षा

सजीव वनस्पती हेच ज्यांचे माध्यम आहे अशा भिंतीवरील कलाकृतींची चर्चा बहुधा पर्यावरणस्नेहाच्या अंगाने होते. कलाकृती म्हणून त्यांची परीक्षा क्वचितच केली जाते. प्रस्तुत लेखात अ‍ॅना गारफर्थ यांची लंडनमधील शेवाळाची अक्षरे आणि ओलाफुर एलियासन यांची ‘मॉस वॉल’ (१९९४) यांच्या आधारे एकच प्रश्न विचारला आहे : ज्या सजीवतेचा येथे दावा केला जातो, ती कलाकृतीच्या रूपात नेमके कोणते कार्य करते?

प्रथम शब्दाविषयी. मराठीत ‘शेवाळ’ हा शब्द तळ्यातील हिरव्या थरालाही चालतो आणि पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या गडग्यावर चढणाऱ्या मखमलीलाही. वनस्पतिशास्त्र पहिल्यास शैवाल म्हणते, दुसऱ्यास मॉस. येथे दुसरे अभिप्रेत आहे. मॉसला खरी मुळे नसतात. केसासारख्या मूलाभांनी ते पृष्ठभागास धरून राहते आणि पाणी व क्षार मुख्यतः पानांवाटे शोषून घेते. भिंत त्याला आधार व ओल पुरविते, एवढेच. ऊन, उतार, खडबडीतपणा, पावसाचा मारा यांवर त्याचे जगणे ठरते. म्हणजेच चित्र कोठे टिकेल याचा निर्णय कलावंतापेक्षा भिंतच अधिक घेते.

गारफर्थ यांनी २००८ च्या सुमारास ‘मॉसेंजर’ या मालिकेत कवितेतील शब्द शेवाळातून भिंतीवर साकारले. रसायनी फवाऱ्याच्या रंगाऐवजी सजीव द्रव्य, ही कल्पना निःसंशय आकर्षक आहे. तथापि ही अक्षरे भिंतीवर उगवलेली नाहीत. अन्यत्र वाढलेले शेवाळ आणून, अक्षराकार कापून ती चिकटविलेली आहेत. अक्षरांच्या सुबक कडा ही कात्रीची करामत आहे, वाढीची नव्हे. वस्तुतः शेवाळाचे स्वतःचे कार्य त्यानंतर सुरू होते : कडा विस्कटतात, एखादे अक्षर करपते, एखादे शेजारच्या फटीत पसरते. माझ्या मते कलाकृती म्हणून हाच काळ मोलाचा आहे. परंतु अशा कामांची कीर्ती छायाचित्रांवर उभी असते आणि छायाचित्र सहसा ताज्या, कोऱ्या अक्षरांचे घेतले जाते. सजीवतेच्या नावे जे प्रसिद्ध होते, ते तिच्या आरंभापूर्वीचेच रूप होय.

या संदर्भात ताक, साखर व शेवाळ एकत्र घुसळून भिंतीवर फासण्याच्या लोकप्रिय कृतीचाही उल्लेख करावयास हवा. शेवाळाच्या तुकड्यातून नवे रोप फुटू शकते, हे खरे. परंतु शेवाळ आपले अन्न प्रकाशाच्या साहाय्याने स्वतः तयार करते. साखरेची मेजवानी बुरशीलाच अधिक मानवते. जे उगवते ते सावकाश, काही महिन्यांच्या सततच्या ओलीने, आणि आखलेल्या रेषेत राहीलच असे नाही.

एलियासन यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ‘मॉस वॉल’मध्ये संग्रहालयाची संपूर्ण भिंत तारेच्या जाळीत गुंफलेल्या ‘रेनडिअर मॉस’ने झाकली जाते. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २०१९ साली ती दाखविण्यात आली. नाव मॉसचे असले तरी द्रव्य मॉस नव्हे, दगडफूल आहे : कवक व शैवाल यांचे सहजीवन. नावातील ही चूक कलावंताची नाही, लोकव्यवहाराची आहे. मात्र तिच्यामुळे प्रेक्षक एक महत्त्वाची गोष्ट विसरतो. उत्तरेकडील थंड प्रदेशातील हे दगडफूल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते आणि हिवाळ्यात रेनडिअरचे ते प्रमुख खाद्य असते. भिंतभर दगडफूल म्हणजे भिंतभर वर्षे.

असे असूनही ही कृती मला गारफर्थ यांच्या अक्षरांहून सरस वाटते. येथे द्रव्याचे वागणे लपविलेले नाही. वाळले की ते आक्रसते व फिकटते. पाणी शिंपडले की फुगते, रंग पालटते आणि दालनभर त्याचा गंध पसरतो. कलाकृती वाचावी लागत नाही, हुंगावी लागते. छायाचित्राच्या कक्षेबाहेर राहणारा हा अंशच तिचा गाभा आहे.

कार्यालयांच्या स्वागतकक्षांत आढळणाऱ्या हिरव्या तबकड्या या परंपरेत मोडत नाहीत. ग्लिसरीनने टिकविलेले ते द्रव्य मृत असते, आणि ‘पाणी घालावे लागत नाही’ हा तिथे गुण म्हणून सांगितला जातो. एलियासन यांच्या भिंतीला पाणी घालणारा माणूस लागतो. त्याची फेरी चुकली की प्रेक्षकाला त्या दिवशी फिकट, आक्रसलेली भिंत पाहावी लागते.